घ्या हो, एवढ्याशानं काय होतंय!

सीझन सुरू झाला मंडळी! श्रावणातल्या सत्यनारायणाला जी गाडी सुटते ती गणपती, गौरी, नवरात्र, दिवाळी, लग्नसराई, ख्रिसमस, थर्टीफर्स्ट अशी सगळी स्टेशनं घेत थेट संक्रांतीच्या हळदीकुंकवालाच थांबते. ऑफिसात पॉटलक, सोसायटीत फराळ, कुणाच्या तरी टेरेसवर पार्टी, गावाकडे पूजा. मोकळा वीकेण्ड म्हणून मिळत नाही.

धमाल असते, प्रश्नच नाही. पण प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण असतो, जो प्लेट घेऊन कोपऱ्यात उभा राहतो. चमच्यानं चिवडा उगाच इकडचा तिकडे करतो. लोकांना वाटतं, डाएटवर असेल, नाहीतर भाव खात असेल. तसं काही नसतं बॉस. त्याला शेंगदाणा चालत नसतो आणि समोरच्या सात पदार्थांपैकी नेमका कशाकशात तो आहे, हे त्याला कळत नसतं. वर बॉसची आई करंजीची थाळी घेऊन त्याच्याच दिशेनं येत असते. ‘अरे, घे रे एक. घरचं आहे. एवढ्याशानं काय होतंय?’

अ‍ॅलर्जी सांभाळायची म्हणजे गोळ्या, डॉक्टर, टेस्ट हे सगळं आलंच. पण सणासुदीत हा मामला निम्मा मेडिकल आणि निम्मा आग्रहाचा असतो. आपल्याकडे पाहुण्यानं ‘नको’ म्हटलं की तो नकार मानतच नाहीत, तिथून आग्रह सुरू होतो. म्हणून आज या आग्रहाचाच बंदोबस्त करू या.

‘एवढंसं’ची गोष्ट

आधी थोडा इतिहास, म्हणजे फंडा क्लिअर होईल. पॅरिसमध्ये १९०२ साली शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिये हे दोन शास्त्रज्ञ सी अ‍ॅनिमोन या समुद्री जिवाच्या विषावर प्रयोग करत होते. कुत्र्यांना विषाचा थोडा डोस दिला तर पुढच्या वेळी त्यांना त्याचा त्रास कमी होईल, अशी त्यांची अपेक्षा. झालं उलटंच. पहिला डोस पचवलेल्या कुत्र्याला काही आठवड्यांनी अगदी थोडंसं विष दिलं आणि तो काही मिनिटांत गेला. शरीरानं पहिल्या भेटीत संरक्षण नव्हे, वैर शिकून ठेवलं होतं. या प्रकाराला त्यांनी अ‍ॅनाफिलॅक्सिस हे नाव दिलं आणि त्या कामासाठी रिशेला १९१३चं नोबेल मिळालं. ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्दही त्याच काळातला. व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञानं तो १९०६ साली काढला.

थोडक्यात, अ‍ॅलर्जी म्हणजे अपचन नव्हे. चार लाडू जास्त झाले म्हणून पोट बिघडतं, तसा हा हिशेब नाही. इथे शरीराची संरक्षण यंत्रणा एखाद्या साध्या प्रोटीनला शत्रू समजते आणि ज्याला तीव्र अ‍ॅलर्जी आहे त्याच्यासाठी चिमूटभरही पुरे होतं. मागच्या वेळी फक्त ओठ खाजले म्हणून या वेळीही तेवढ्यावरच भागेल, याची गॅरंटी नाही. ‘घरचं आहे’, ‘साजूक आहे’, ‘देवाचं आहे’ यानं प्रोटीन बदलत नाही.

आणखी एक घोळ इथेच मिटवू. दूध प्यायल्यावर पोट गुडगुडतं, गॅस होतो, तो बहुधा लॅक्टोज न पचण्याचा त्रास. तो वैताग देतो, पण जिवावर बेतत नाही. दुधाच्या प्रोटीनची अ‍ॅलर्जी ही वेगळी गोष्ट आहे. आपल्याला नेमकं काय आहे, हे एकदा डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या. गूगलच्या भरवशावर अर्धा स्वयंपाक आयुष्यातून वजा करण्यात काही शहाणपणा नाही.

आणि हो, ज्यांना कारल्याची, दोडक्याची आणि भांडी घासण्याची ‘अ‍ॅलर्जी’ आहे त्यांना कळकळीची विनंती. हा शब्द जरा जपून वापरा. तुमच्या गमतीमुळे खऱ्या अ‍ॅलर्जीवाल्याचं कुणी सीरियसली घेत नाही.

कुठे काय दडलंय?

आपल्या सणांचा मेन्यू अ‍ॅलर्जीच्या चष्म्यातून कधी बघितलाय? बघाच एकदा.

सत्यनारायणाचा शिरा घ्या. रवा, तूप, साखर, दूध आणि केळं. म्हणजे गहू आणि दूध एकाच घासात. त्याच्या आधी हातावर येतं पंचामृत. दूध, दही, तूप, मध, साखर. पळीभर तीर्थ कुणी विचारून देत नाही आणि आपणही विचार न करता ते तोंडात टाकतो. तूप कढवलेलं असलं तरी त्यात दुधाच्या प्रोटीनचा अंश राहू शकतो, त्यामुळे तीव्र अ‍ॅलर्जी असणाऱ्यानं तूपही गृहीत धरू नये.

उपासाचे दिवस म्हणजे तर शेंगदाण्याचं राज्य. साबुदाण्याच्या खिचडीत कूट, वड्यात कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, वऱ्याच्या तांदळासोबत दाण्याची आमटी. गव्हाची अ‍ॅलर्जी असलेल्याची एकादशी खरंच दुप्पट खाशी होते आणि दाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्याला त्या दिवशी कडकडीत उपास घडतो! एरवीच्या जेवणातही भरली वांगी, अळूची पातळ भाजी, सुक्या चटण्या, सगळीकडे दाणा असतोच. तेलाचंही बघा. रिफाइंड शेंगदाणा तेलातून प्रोटीन जवळजवळ निघून गेलेलं असतं. पण सध्या फॅशनमध्ये असलेल्या लाकडी घाण्याच्या तेलात ते राहू शकतं.

फराळाच्या ताटात चिवड्यात दाणे, काजू आणि डाळं, चकलीत तीळ, करंजी आणि अनारशात खसखस, शंकरपाळ्यात मैदा आणि बहुतेक दूध. हरभऱ्याची अ‍ॅलर्जी असेल तर बेसनाचा लाडू, शेव, बुंदी आणि गौरीच्या जेवणातली पुरणपोळी, सगळंच बाद. काजू कतली दिसते साधी, पण स्वस्तातल्या कतलीत काजूऐवजी दाण्याचा कूट ढकललेला असू शकतो. काजू आणि पिस्ता हे एकाच कुळातले, त्यामुळे एकाची अ‍ॅलर्जी असलेल्याला बऱ्याचदा दुसऱ्याचीही असते. श्रीखंड-बासुंदीवरची चारोळीही त्याच कुळातली. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नका.

थर्टीफर्स्टला माशांचा बेत असेल तर एकाच तव्यावर आधी कोळंबी आणि मग सुरमई तळली जाते. कोळंबी न चालणाऱ्यानं ‘मी फक्त सुरमई खाल्ली’ म्हणून उपयोग नाही. कोकणी पद्धतीच्या भाजीत सुकट किंवा जवळा असतो, तोही विचारून घ्या. काही जणांना तर कोळंबी शिजतानाच्या वाफेनंही त्रास होतो.

संक्रांतीच्या तिळगुळात दाणे आणि तीळ दोन्ही. तिळाची गोष्ट इंटरेस्टिंग आहे. अमेरिकेत २०२१ साली कायदा करून तीळ हा नववा प्रमुख अ‍ॅलर्जीकारक पदार्थ ठरवला गेला आणि १ जानेवारी २०२३पासून पाकिटावर त्याचा उल्लेख सक्तीचा झाला. आपल्याकडे एफएसएसएआयच्या २०२०च्या लेबलिंग नियमांतल्या यादीत ग्लूटेन असलेली धान्यं, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे आणि सुकामेवा, सोयाबीन आणि सल्फाइट यांची नावं आहेत. तीळ त्या यादीत नाही. म्हणजे तिळवाल्यांनी ‘अ‍ॅलर्जन’च्या ओळीवर न थांबता घटकांची सगळी यादी वाचायची.

लेबल वाचायची सवय लावाच. नाहीतर हिंगासारखा साधा पदार्थ दगा देतो. बाजारातला डबीतला हिंग बहुधा नुसता हिंग नसतो, त्यात डिंक आणि पीठ मिसळलेलं असतं. अनेकदा ते पीठ गव्हाचं असतं. गहू ज्यांना पूर्ण वर्ज्य आहे त्यांना फोडणीच्या वरणातूनही तो पोटात जाऊ शकतो. आणि मिठाईच्या दुकानातल्या सुट्ट्या मालाला तर वाचायला पाकीटच नसतं. तिथे विचारणं हाच उपाय. ‘माहीत नाही’ असं उत्तर आलं तर पुढे चला.

नाही म्हणायचं, पण कसं?

मुख्य फंडा हा, की नकार ताटावर द्यायचा नाही, दोन दिवस आधी फोनवर द्यायचा. ताट वाढलं गेलं की तो पाहुणचाराचा अपमान वाटतो. आधी सांगितलं की तीच माहिती होते आणि यजमानाला काही करायला वेळ मिळतो.

फोन कुणाला करायचा, हेही महत्त्वाचं. ज्यानं बोलावलंय त्याला खिचडीत काय आहे हे ठाऊक नसतं. तो ‘चिल यार, बघू या’ म्हणतो आणि विसरतो. ज्याच्या हातात डाव आहे त्याच्याशी बोला. म्हणजे मित्राच्या आईशी, वहिनींशी, लग्नकार्यात आचाऱ्याशी किंवा केटररच्या माणसाशी.

आणि मोघम बोलू नका. ‘काकू, मला जरा त्रास होतो’ यावर काकू ‘मग थोडंच देते’ म्हणणारच. त्यापेक्षा असं सांगा: ‘काकू, मला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. एक दाणा जरी पोटात गेला तरी श्वास अडकून हॉस्पिटलमध्ये न्यावं लागतं. कशाकशात दाणे किंवा कूट आहे तेवढं सांगाल का? बाकी सगळं मी मस्त खाईन.’ यात काय आहे, काय होतं, काय हवं, हे सगळं आलं. शेवटचं वाक्य गाळू नका. काकूंची खरी काळजी तीच असते, की पोरगं उपाशी जाऊ नये.

माझ्या एका मैत्रिणीची ट्रिक याहून भारी आहे. कुठेही बोलावलं की ती सगळ्यांना पुरेल असा एक पदार्थ स्वतः करून नेते. मोठा डबाभर. यजमान खूश, लोकांना नवीन पदार्थ मिळतो आणि टेबलावरची एक गोष्ट तरी तिच्यासाठी शंभर टक्के सेफ असते. फक्त आपलं ताट ती आधी वाढून घेते. नंतर त्या डब्यात कुणाचा चमचा कुठून येईल, याचा नेम नसतो.

बुफेचाही नियम हाच. संकोच सोडा आणि लायनीत पहिले उभे राहा. अर्ध्या तासानं चटणीतला चमचा रायत्यात आणि रायत्यातला भातात गेलेला असतो. जरा जरी शंका आली तरी तो पदार्थ सोडा. घरून थोडं खाऊन गेलात तर हे सोडणं जड जात नाही.

राहता राहिला प्रसाद. ‘प्रसादाला नाही म्हणू नये’ हे वाक्य भल्याभल्यांची विकेट काढतं. पण यातून सुटायची वाट परंपरेतच आहे. प्रसाद दोन्ही हातांनी घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि ‘घरच्यांसाठी नेतो’ म्हणून पुडीत बांधून घ्यायचा. कुणाचं मन दुखावत नाही. तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर पुडी सोबतच्या माणसाला घ्यायला लावा आणि आपले हात साबण-पाण्यानं धुवा. सॅनिटायझर जंतू मारतो, दाण्याचं प्रोटीन हातावर तसंच राहतं.

आणि पार्टीत

दारूमुळे काही जणांची अ‍ॅलर्जीची रिअ‍ॅक्शन जास्त जोरात येते. भरपेट खाऊन लगेच जोरात नाचणं आणि काही पेनकिलर गोळ्या यांचंही तसंच. एरवी चालून जाणारा पदार्थ गरब्याच्या किंवा ढोल-ताशाच्या दिवशी नडू शकतो, तो यामुळे. शिवाय दोन पेगनंतर ‘यात काय आहे?’ हे विचारायची शुद्ध कितपत राहते, ते तुम्हीच ठरवा. वाइनमधल्या सल्फाइटनं दम्याच्या काही पेशंटना त्रास होतो. झोप आणणारी अ‍ॅलर्जीची गोळी, वर ड्रिंक आणि मग ड्रायव्हिंग हे कॉम्बिनेशन तर नकोच नको.

खाण्यापलीकडचंही थोडं बघा. दमेकऱ्यांना धूप, अगरबत्ती आणि फटाक्यांचा धूर सोसत नाही. त्यांनी इनहेलर घरी ठेवून मिरवू नये. दिवाळीच्या साफसफाईत धूळ उडते तेव्हा मास्क लावा. हळदीकुंकवात टिकलीच्या गोंदानं किंवा कुंकवानं कपाळ खाजत असेल तर ‘हातालाच लावा’ म्हणा, कुणी रागावत नाही. संगीतच्या दिवशी झटपट रंगणारी ‘काळी मेंदी’ मात्र टाळाच. तिच्यात पीपीडी नावाचं रसायन असू शकतं आणि त्यानं हातावर चक्क फोड येतात.

यजमान असाल तर

हा भाग ज्यांना कसलीच अ‍ॅलर्जी नाही त्यांच्यासाठी. म्हणजे बहुतेक तुमच्यासाठी.

आमंत्रणाच्या मेसेजमध्ये एक ओळ वाढवा: ‘कुणाला काही चालत नसेल तर आधीच कळवा.’ बास. कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्या त्या एकाला ही ओळ किती मोठा दिलासा देते, याची तुम्हाला कल्पना नाही. बाकी गोष्टी सोप्या आहेत. कूट कोशिंबिरीत न कालवता वाटीत बाजूला ठेवा, ज्याला हवा तो घालून घेईल. त्या पाहुण्याचं तळण ताज्या तेलात सगळ्यांत आधी काढा. प्रत्येक भांड्यात वेगळा चमचा ठेवा. विकतच्या पदार्थाचं पाकीट पाहुणे जाईपर्यंत फेकू नका. बुफे असेल तर ‘यात दाणे आहेत’, ‘यात काजू आहेत’ अशा चिठ्ठ्या लावा.

आणि विचारल्यावर नक्की माहीत नसेल तर सरळ ‘माहीत नाही’ म्हणा. ‘नसेल बहुतेक’ हे उत्तर फार धोक्याचं. ‘माहीत नाही’ म्हटलं की पाहुणा एक पदार्थ सोडेल. ‘नसेल बहुतेक’ म्हटलं की तुमच्यावर विश्वास ठेवून तो खाईल.

आणि झालंच तर?

इतकं सगळं पाळूनही एखाद्या वेळी चूक होते. तेव्हा काय करायचं, हे पार्टीतल्या निदान एका मित्राला आधीच सांगून ठेवा. औषध कुठल्या बॅगेत आहे, तेही. लाजून बाथरूममध्ये एकटे जाऊन बसू नका. सगळ्यांत धोक्याचं तेच असतं.

अंगावर गांधी, खाज एवढंच असेल तर डॉक्टरांनी सांगितलेली गोळी घ्या आणि कुणाच्या तरी नजरेसमोर थांबा. पण ओठ-जीभ सुजणं, आवाज बसणं, श्वास लागणं, सारख्या उलट्या, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काही दिसलं तर गोळीची वाट बघत बसू नका. अ‍ॅलर्जीची गोळी खाज कमी करते, बंद होत चाललेला घसा उघडत नाही. तिथे पहिलं औषध एकच, अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला. ज्यांना आधी अशी तीव्र रिअ‍ॅक्शन आलीय त्यांनी ते जवळ बाळगण्याबद्दल सीझन सुरू होण्याआधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावं. पेनसारखा ऑटो-इंजेक्टर आपल्याकडे प्रत्येक केमिस्टकडे मिळेलच असं नाही. त्यामुळे पर्याय काय आणि तो कसा वापरायचा, हे स्वतः आणि घरच्यांनीही शिकून घ्यायला हवं.

लगेच १०८ला फोन लावा. पेशंटला आडवं झोपवा आणि पाय उंच ठेवा. श्वास फारच लागत असेल तर पाय पसरून बसू द्या. पण उभं करू नका, ‘चल, जरा मोकळ्या हवेत’ म्हणून चालवू नका. बरं वाटलं तरी हॉस्पिटलमध्ये जायचंच, कारण काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो.

घाबरलात? घाबरू नका. अ‍ॅलर्जी आहे म्हणून सणाला घरी बसायची काही गरज नाही. एक फोन, एक डबा आणि बॅगेत औषध, एवढ्या तयारीवर अख्खा सीझन मजेत पार पडतो.

आणि तुम्ही आग्रह करणाऱ्यांच्या पार्टीतले असाल तर तो जरूर करा, त्यावाचून आपले सण कसले! पण पुढच्या वेळी कुणी ‘नको’ म्हणालं तर ‘एवढ्याशानं काय होतंय’ म्हणू नका. ‘मग तुला काय चालेल?’ असं विचारा आणि तेच भरपूर वाढा.